लाल पाण्याच्या शाईतला अर्ज

बायको गेल्याला तेरा महिने झाले. या तेरा महिन्यांत नवनगरच्या माझ्या दोन खोल्यांत जो आला तो मला समजावूनच गेला. देवाची इच्छा. सुटली बिचारी. सोन्यासारखी गेली. सोन्यासारखी कशी जातात ते मला माहीत नाही. हिचे पाय सुजले, मग पोट सुजलं, मग श्वास पुरेना, तशी गेली. हे मी तोंडावर सांगितलं की माणसं अर्धा चहा ठेवून उठायची. हळूहळू यायचीच थांबली. बरं झालं.

मग गेल्या महिन्यात एक मुलगी आली. ती समजावायला नव्हती आली, माझा मोठेपणा छापायला आली होती. परदेशी मदतीवर चालणाऱ्या कुठल्याशा संस्थेत ती नोकरीला. हुबळीच्या बाजारातल्या कापडवाल्यांच्या घरातली, मूळची सांगलीकडची, म्हणून मराठी बोलायची आणि मध्येच कन्नडवर जायची, आम्ही सगळेच जातो तशी. पायाला हात लावून बसली आणि म्हणाली, अज्जा, आपल्या भागातल्या ज्या लोकांनी गरीब देशांत जाऊन काम केलं त्यांची पुस्तिका काढतोय, तुमचं पान पहिलं. आणि मोबाईलवर एक फोटो उघडून माझ्यापुढं धरला.

भिंतीवर काचेची चौकट. चौकटीत पिवळा पडलेला कागद, त्यावर काळी, तिरकी, वेडीवाकडी अक्षरं. चष्मा लावायच्या आधीच मी ओळखलं. अक्षर माझं होतं. चौकटीखाली पितळी पाटी, त्यावर इंग्रजी. तिनं अर्थ सांगितला : भारतीय मिस्त्रीचं आभारपत्र, पारंपरिक शाईत लिहिलेलं.

मी म्हणालो, "मराठी येतं ना वाचायला? मग पाटी सोड, कागद वाच."

तिनं बोटांनी फोटो मोठा केला आणि वाचायला लागली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज खाली आला. पुढचं तिनं मनात वाचलं.

ते आभारपत्र नव्हतं. तो अर्ज होता. या हापशाचं पाणी बायका पिणार नाहीत, त्या नदीवर जातील आणि पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, मरतील, म्हणून पावसाच्या आधी पाईप बदला, असं त्यात लिहिलेलं होतं. पस्तीस-चाळीस वर्षं तो कागद त्या संस्थेच्या आफ्रिकेतल्या ऑफिसच्या भिंतीवर शोभेला टांगलेला आहे आणि एकाही माणसानं तो वाचलेला नाही.

आणि हा अर्ज दिल्यावर तीन आठवड्यांनी मी दुसऱ्या एका कागदावर सही केली. तो कागद कुणी चौकटीत लावलेला नाही. मला त्याच्याबद्दल लिहायचंय. बायकोनं मरेपर्यंत मला ते लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं नाही.

माझं शिक्षण चौथी. तेही धड नाही. छप्पन साली आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला तेव्हा मी अळणावरजवळच्या खेड्यात मराठी शाळेत चौथीला होतो. आमचे मास्तर आपल्या गावी निघून गेले, त्यांच्या जागी कन्नड मास्तर आले. माणूस चांगला होता, पण मला बसायचं नव्हतं, निमित्त मिळालं. दोन्ही भाषा बोलतो, लिहितो फक्त मराठी, तेही असं. लाकडाच्या अड्ड्यावर राबलो, लोहाराच्या हाताखाली राबलो, आणि सरकारनं गावोगावी बोअर मारून हापसे बसवायला घेतले तेव्हा हापशांचा मिस्त्री झालो. दोनशे फुटांवरून पाईप वर खेचायचे, वायसर बदलायचे, परत सोडायचे. या कामात मला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मी समजत होतो.

ते खोटं होतं. मला बायकोनं शिकवलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवा हापसा बसला. मीच बसवला. कागदावर लिहून आलेलं, पाणी पिण्यास योग्य. चार महिन्यांत पाणी तांबूस यायला लागलं. बायको जंगलाकडच्या गावातली, लहानपणी ठेकेदारासाठी हिरडे गोळा करायची, चामडं कमवायला जायचे ते. ती म्हणाली, या पाण्यात डाळ शिजत नाही, धोतर पिवळं पडतंय, चहा शाईसारखा होतोय. मी म्हणालो, कागदावर योग्य लिहिलंय. ती म्हणाली, मग कागद शिजवा. आणि आतून हिरड्याची पूड आणून तिनं दोन पेल्यांत टाकली. एका पेल्यात विहिरीचं पाणी, ते पिवळसर राहिलं. दुसऱ्यात माझ्या हापशाचं, ते बघता बघता काळं झालं.

तिच्या माहेरी हिरडा आणि गंजकं लोखंड घालून शाईच करायचे. पाण्यात लोखंड उतरलं की हिरडा त्याला काळं करतो, एवढं तिथल्या पोरीसोरींनाही ठाऊक. मी पाईप वर ओढले. खालचे तीन आतून वाळवी लागल्यासारखे खाल्लेले. जमिनीतलं पाणी आंबट होतं, ते लोखंड खात होतं. मी शेतकऱ्यांकडं मिळतात तसले प्लास्टिकचे पाईप जोडून सोडले. आठ दिवसांत पाणी स्वच्छ. डाळ शिजली. तिनं मला ताटात जास्तीची वाढली आणि कागदाचं नाव काढलं नाही. तिचं तसंच असायचं.

चाळिशी ओलांडली तेव्हा बोलावणं आलं. आफ्रिकेच्या दक्षिण अंगाला एक लहान देश आहे. नाव लिहीत नाही, दोष त्या देशाचा नव्हता. तिथं दर पावसाळ्यात पटकी यायची, माणसं नदीचं पाणी पिऊन मरायची. कुणा श्रीमंत देशानं मदत म्हणून आपल्याकडचे हापसे विकत घेऊन तिथं पाठवले आणि बसवायला आमच्यातले दोघे-तिघे मिस्त्री नेले. मला एका डोंगराकडच्या भागात टाकलं. निघताना बायकोनं पोटासाठी म्हणून हिरड्याचं एक गाठोडं बांधून दिलं. तिला वाटलं तिकडचं खाणं मला पचणार नाही. तिकडं मक्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवून त्याची सांगटी खातात, आपल्या जोंधळ्याच्या सांगटीसारखीच. चांगली पचली.

एका गावात हापसा बसवला, तिथली म्हातारी सगळ्या बायकांत कर्ती. मी तिला अक्का म्हणायचो. मला अण्णा म्हणायला तिला मीच शिकवलं. मागल्या पावसाळ्यात तिचा नवरा आणि थोरली मुलगी एकाच आठवड्यात पटकीनं गेले होते. घरात सून होती, पोटुशी. पहिलं पाणी आलं तेव्हा अक्कानं भांडं पुढं केलं नाही, पहिली ओंजळ मातीवर सांडली, गेलेल्यांसाठी. मग ती नदीकडं उतरणाऱ्या पायवाटेवर गेली आणि काटेरी फांद्या ओढून तिनं वाट बंद केली. आमच्यात ड्रायव्हर दुभाषी होता, त्या देशातलाच, माझ्या मोडक्या इंग्रजीवरून अर्थ काढणारा. त्याच्याकडून अक्कानं विचारलं, हे पाणी टिकेल ना? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, टिकेल. माझ्या हातचा हापसा आहे.

पाच महिन्यांनी परत गेलो तर वाटेवरच्या फांद्या बाजूला काढलेल्या. बायका डोक्यावर नदीचं पाणी घेऊन वर चढत होत्या. हापशापुढचा दगडी ओटा विटेसारखा लाल. अक्कानं मला घरात नेऊन सांगटी दाखवली, हापशाच्या पाण्यातली. राखेच्या रंगाची. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी संस्थेच्या ऑफिसात साहेबाला सांगितलं. साहेब तरणा, गोरा, बोलायला मऊ. वाईट माणूस नव्हता, आणि मला आजही राग त्याचाच जास्त येतो. वाईट माणसाला दोन शिव्या घालता येतात. तो म्हणाला, लोकांना जुन्या सवयी असतात, त्यांना समजवावं लागतं. मग समजवायला गाडी आली. गाडीतून कापडी चित्र निघालं : एक बाई नदीवर, तिच्या शेजारी हाडांचा सापळा, दुसरी बाई हापशावर, हसणारी. बायकांना उन्हात बसवून दोन तास चित्र दाखवलं, हात धुवायचं गाणं म्हणून घेतलं. अक्का चित्राकडं बघत होती. तिनं ड्रायव्हरला काहीतरी विचारलं, तो तोंड फिरवून हसला. गाडीत बसल्यावर त्यानं मला सांगितलं, ती विचारत होती, त्या हसणाऱ्या बाईनं ते पाणी पिऊन बघितलंय का?

जिचा नवरा आणि मुलगी नदीनं नेली तिला नदी वाईट आहे हे शिकवायला गाडी भरून माणसं आली. पाईप आणायला एक आलं नाही.

मी साहेबाच्या टेबलावर दोन पेले ठेवले. एकात नदीचं, एकात हापशाचं पाणी. बायकोच्या गाठोड्यातला हिरडा कुटून दोन्हींत टाकला. एक काळा झाला. साहेब खुर्चीतून उठला, खूश झाला, फोटो काढला, बाकीच्यांना बोलावून दाखवलं. मी म्हणालो, पाईप बदला, प्लास्टिकचे घाला, मी सगळे बदलून देतो, पावसाच्या आत. त्यानं सांगितलं की मदत देणाऱ्या देशाशी जे ठरलंय त्यात हेच पाईप आहेत, त्यात बदल पुढच्या टप्प्यात होईल. पुढचा टप्पा कधी? पुढच्या वर्षाच्या शेवटी. आणि शेवटी तो म्हणाला, तुमचं म्हणणं लेखी द्या.

लेखी. चौथी शिकलेल्या माणसाला.

मला असा राग आला की मी म्हणालो लेखी पाहिजे ना, देतो, आणि तुमच्याच पाण्यानं लिहून देतो. अक्काच्या हापशातून ओढलेल्या पाईपचा गंज खरवडला, हिरड्याच्या काढ्यात टाकला, तीन दिवस उन्हात ठेवला. शाई झाली. त्या शाईनं मला मराठीत येत होतं तसं लिहिलं. तो अर्ज असा :

"साहेब, हे ज्या शाईनं लिहिलंय ती तुमच्या हापशाची आहे. यात वेगळा रंग घातलेला नाही. असलं पाणी माझी बायको पीत नाही, तुमची पिणार नाही, मग या बायकांनी का प्यावं. त्या अडाणी नाहीत. पाईप खराब आहेत. पावसाच्या आधी बदला. नाही बदलले तर त्या नदीवर जातील आणि मरतील, आणि ते तुम्हाला आधी सांगितलेलं असेल."

खाली सही केली. ड्रायव्हरला अर्थ सांगितला, त्यानं साहेबाला सांगितला. साहेबानं मान हलवली, कागद दोन्ही हातांनी घेतला, वास घेऊन बघितला. आठ दिवसांनी मी ऑफिसात गेलो तर तो चौकटीत. पाहुणे आले की साहेब त्यांना दाखवायचा. मला वाटलं, रोज डोळ्यांपुढं राहावा म्हणून लावला असेल. इतका मी मूर्ख.

मग घरून पत्र आलं. बायकोला लिहिता येत नव्हतं, शेजारणीनं लिहिलेलं. गर्भाशयाचं ऑपरेशन हुबळीला करायचंय, तारीख ठरली आहे. मी साहेबाकडं परतीचं तिकीट मागितलं. तिकिटाआधी एक कागद भरून द्यायचा होता. गावाचं नाव, आणि पुढं एकच प्रश्न : हापसा चालू आहे का, हो किंवा नाही. पाण्याचा रंग कसा, बायका पितात का, हे विचारायला त्या कागदावर जागाच नव्हती. साहेब म्हणाला, दांडा हलवला की पाणी येतं ना? येतं. मग हो लिहा.

मी हो लिहिलं. सगळ्या गावांपुढं लिहिलं, अक्काच्या गावापुढंही, आणि खाली सही केली. ड्रायव्हर शेजारी उभा होता. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यानं माझी पेटी खाली ठेवली आणि गाडी वळवली.

घरी आलो. ऑपरेशन नीट झालं. पडल्या पडल्या बायकोनं तिकडचं सगळं विचारून घेतलं. पाईप बदलले का म्हणाली. मी म्हणालो, बदलतील.

तिकडचा पाऊस आपल्या दिवाळीनंतर येतो. तो सरता सरता ड्रायव्हरचं पत्र आलं, इंग्रजीत. धारवाडात सुभाष रोडला एक टायपिंगचं दुकान होतं, तिथल्या माणसाकडून वाचून घ्यायला गेलो. त्यानं गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचलं. पाईप बदलले नाहीत. अक्काच्या गावात पटकी आली. अक्का वाचली. सून गेली, आणि तिचं दीड महिन्याचं मूल गेलं. ऑफिसात कळवलं तर त्यांनी कागद काढून दाखवला, हापसा चालू आहे, मिस्त्रीची सही आहे. शेवटची ओळ वाचताना दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. अक्का विचारते, अण्णानं पाणी टिकेल म्हणून सांगितलं होतं ना.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती डाळ निवडत होती. सूप बाजूला ठेवलं.

"सही का केली?"

"तुझं ऑपरेशन होतं. यायचं होतं मला."

"डॉक्टर नव्हते का? तुमच्या हातानं कापायचं होतं मला?" मग म्हणाली, "हे माझ्या नावावर घालू नका, अहो. दोन जीव गेले, ते माझ्या आजाराच्या नावावर घालू नका. सही मागं घ्या. लिहा त्यांना, खोटं लिहिलं होतं म्हणून."

मी म्हणालो, लिहितो.

लिहिलं नाही. कुणाला लिहायचं, कुठल्या भाषेत लिहायचं, वाचणार कोण. साहेब बदलून गेला असेल. सांगायला कारणं भरपूर होती. खरं कारण एकच, अर्जावरची सही माझी होती तशी त्या कागदावरचीही माझीच होती, आणि चौकटीतल्या सहीचा मला आतून अभिमान होता. दुसरी कुणी बघू नये असं वाटत होतं. बायको मात्र दर वर्षी हिरडा वाळत घालताना एकदा विचारायची, लिहिलं का? मी म्हणायचो, लिहितो. भांडली नाही कधी. गेल्या वर्षी पाय सुजलेले, बसता येत नव्हतं, तरी विचारलं. मी तेव्हाही लिहितो म्हणालो. त्यानंतर विचारायला ती राहिली नाही.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती, मग लिहायची थांबली. मी म्हणालो, माझं पान छापायचं तर अर्ज छाप आणि खाली सहीची गोष्ट छाप. दोन्ही. नाहीतर तो फोटो काढून टाक. ती म्हणाली, वरच्यांना विचारते.

आठवड्यानं फोन आला. वरचे म्हणाले, पुस्तिकेचा सूर वेगळा आहे. पाटीवरचा आभार हा शब्द काढून नुसतं पत्र लिहितील. मी विचारलं, सूर म्हणजे काय? तिच्यावर ओरडलो. तिचा काही दोष नव्हता, पण फोनवर तीच होती.

म्हणून मीच लिहायला बसलो. मदत करू नका असं मी म्हणत नाही. आमच्याही गावात हापसा सरकारनं दिला म्हणून आला, नाहीतर आम्ही विहीर खणत बसलो असतो. पण जिला पाणी देताय तिला एकदा पाजून बघा आणि ती तोंड वाकडं करते का ते बघा. त्याला चित्र लागत नाही की गाडी लागत नाही. आणि कुणी तुम्हाला लेखी दिलं तर ते वाचा, भाषा येत नसेल तर वाचून घ्या. मी सुभाष रोडला जाऊन घेतलं होतं. तुम्हाला काय झालं होतं?

चार दिवसांमागं बायकोचा हिरड्याचा डबा काढला. तळाशी चार हिरडे होते. कुटले, उकळले. नवनगरच्या नळाच्या पाण्यात ते नुसते पिवळे राहिले, इथं पाणी चांगलं आहे. मग माझ्या जुन्या पान्यावरचा गंज खरवडून टाकला आणि खिडकीत ठेवलं. ढवळायला चमचा कुठला घ्यायचा ते तिला विचारायला म्हणून मी स्वयंपाकघराकडं वळलो. तेरा महिने झाले तरी वळतो.

आज सकाळी ती मुलगी परत आली, ऑफिसच्या कामानं नाही, तिच्या सुट्टीच्या दिवशी. मी सांगितलं तसं तिनं इंग्रजीत लिहून दिलं, कागदाच्या खालच्या अर्ध्यात. वरच्या अर्ध्यात मी मराठीत लिहिलं. फार नाही. त्या वर्षी मी ज्या कागदावर सर्व हापसे चालू आहेत असं लिहिलं ते खोटं होतं. अक्काच्या गावचा हापसा चालू नव्हता. दांडा हलत होता. मला ते माहीत होतं आणि मला घरी जायचं होतं. ती सही मी मागं घेतो. हे त्या गावात कुणी असेल त्याला वाचून दाखवावं, त्यांच्या भाषेत.

मुलगी म्हणाली, अज्जा, तिकडं आता तुम्हाला ओळखणारं कुणी नसेल. मी म्हणालो, नसू दे. बायको मला असं म्हणाली नव्हती की ओळखणारं असेल तरच लिहा.

सही केली. शाई थोडी पातळ झालीय, बायकोनं केली असती तर दाट झाली असती. कागद वाळला की संस्थेच्या नावानं पोस्टात टाकतो. आणि या वेळी चौकटीत लावणार असाल तर खालची पाटी मला विचारून लिहा.